रस्ता वेगळा, परवानगी वेगळी: व्हीपीएन उपकरणावर गटवार प्रवेश कसा बसवायचा

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या मध्यम आकाराच्या कारखान्यात व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आतल्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित रस्ता, बसतं ते बहुतेक वेळा घाईत. ऑडिट तोंडावर आलेलं असतं, अकाउंट्सवाल्यांना घरून टॅली हवी असते, पुण्याच्या मशीन विक्रेत्याला सीएनसीचा बिघाड तिथूनच बघायचा असतो. उपकरण येतं, एक गट तयार होतो, सगळे त्या एकाच गटात जातात आणि सगळ्यांना आतलं सगळं उघडं राहतं. काम चालू होतं, त्यामुळे नंतर त्याला कोणी हात लावत नाही. मग विक्रेत्याचा जो लॅपटॉप आठवड्यात चार कारखान्यांच्या नेटवर्कला लागतो, तोच तुमच्या पगारपत्रकाच्या सर्व्हरपर्यंतही पोचू शकतो.

त्या एका गटाचे नीट गट कसे पाडायचे, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे. मुख्य उदाहरण सिस्को कंपनीची फायरवॉल एएसए आणि तिची मांडणी करायच्या एएसडीएम स्क्रीनचं आहे, कारण गट-धोरणाची कल्पना तिथे सगळ्यांत सुटसुटीत दिसते. फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट फायरवॉलवर काय बदलतं ते पुढे वेगळं सांगितलं आहे. पत्ते आणि पोर्ट (सर्व्हरवरच्या प्रत्येक सेवेचा क्रमांक) इथे देवनागरी आकड्यांत आहेत. उपकरणात ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे, आणि गटांची नावंही इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवायची.

आधी चार प्रश्न वेगळे करा

कोणीही व्हीपीएनवर जोडला गेला की उपकरण चार गोष्टी ठरवतं. माणूस कोणत्या गटात पडतो? त्याला कोणता पत्ता मिळतो? त्याच्या लॅपटॉपला आतल्या कोणत्या नेटवर्कचे रस्ते सांगितले जातात? आणि त्या रस्त्यांवरून प्रत्यक्षात काय जाऊ दिलं जातं?

घोटाळा होतो तो तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचा. स्प्लिट टनेलच्या यादीत फक्त टॅलीचा सर्व्हर टाकला म्हणजे अकाउंट्सला फक्त टॅलीच उघडेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं नाही. ती यादी लॅपटॉपला फक्त एवढंच सांगते, की या पत्त्यांसाठी टनेलमधून जा. ती लॅपटॉपवर पाळली जाते, उपकरणावर नाही. लॅपटॉप ज्याच्या हातात, यादीही त्याच्याच हातात. अडवण्याचं काम फिल्टरचं, आणि फिल्टर उपकरणावर असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण बिघाड शोधतानाही हाच फरक उपयोगी पडतो.

पायरी १: कागदावर गट

उपकरणाला हात लावण्याआधी प्रत्येक गटाला कोणत्या मशीनचा कोणता पोर्ट लागतो ते लिहून काढा. ‘अकाउंट्सला सर्व्हर’ असं लिहून भागत नाही. समजा कारखान्यात सर्व्हर १०.४०.१०.०/२४ मध्ये, डिझाइन विभाग १०.४०.२०.०/२४ मध्ये आणि मशीनं १०.४०.५०.०/२४ मध्ये आहेत. (तिन्ही अजून एकाच नेटवर्कमध्ये असतील, तर आधी व्हीलॅन, म्हणजे स्विचवरची स्वतंत्र नेटवर्क, वेगळे करा. गटवार व्हीपीएनचा निम्मा फायदा तिथेच आहे.)

अकाउंट्स: टॅली ज्या टर्मिनल सर्व्हरवर चालते त्याचा ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट), बाकी काही नाही. घरच्या लॅपटॉपवर टॅली बसवून डेटा फोल्डर फाइल शेअरिंगच्या ४४५ वरून उघडायची पद्धत बंद करा. टॅली प्रत्येक नोंदीला फाइलमध्ये बरीच ये-जा करते, व्हीपीएनवर ती रखडते, आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडण्याची भीती असते. रिमोट डेस्कटॉपवर लाइन तुटली तरी सत्र सर्व्हरवर चालूच राहतं.

डिझाइन: फाइल सर्व्हरचा ४४५ आणि कॅडचा लायसन्स सर्व्हर. इथे एक हमखास चुकणारी जागा आहे. फ्लेक्सएलएम प्रकारच्या लायसन्स सर्व्हरचा मुख्य पोर्ट साधारण २७००० ते २७००९ यांतला असतो, पण सोबत चालणारा कॅड विक्रेत्याचा डीमन (मागे चालणारा प्रोग्राम) दर वेळी वेगळाच पोर्ट घेतो. लायसन्स फाइलमध्ये त्या डीमनच्या ओळीत पोर्ट पक्का करून सेवा पुन्हा चालू करा आणि तो दुसरा पोर्टही फिल्टरमध्ये घ्या. हे न केल्यास आज चाललेलं सॉफ्टवेअर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर उद्या चालत नाही, आणि दोष व्हीपीएनच्या माथी येतो.

मशीन विक्रेता: शक्यतो मशीनच्या नेटवर्कमध्ये थेट सोडूच नका. मधे एक जंप पीसी ठेवा, विक्रेत्याचं सॉफ्टवेअर त्यावर बसवा आणि विक्रेत्याला फक्त त्या पीसीचा ३३८९ द्या. काही वेळा हे जमत नाही, सॉफ्टवेअर त्याच्याच लॅपटॉपवरून चालवावं लागतं. अशा वेळी एकच मशीन आणि एकच पोर्ट: सीमेन्सच्या पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) १०२, फॅनकच्या फोकास जोडणीला ८१९३, मॉडबसला ५०२.

सीए: यांनाही तोच टर्मिनल सर्व्हर लागतो, पण गट वेगळा ठेवा. कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसातून ऑडिटसाठी येणारी आर्टिकलची मुलं दर वर्षी बदलतात. त्यांच्या खात्यांना मुदत हवी, आणि ती मुदत तुमच्या कायम कर्मचाऱ्यांच्या खात्यांत मिसळायला नको.

आयटी: सगळं, पण रोजच्या मेलच्या खात्यावरून नाही. प्रशासनासाठी वेगळं खातं, वेगळा गट.

यात सगळ्यांसाठी आतल्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरचा ५३, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, जोडा. हा विसरला की ‘पत्ता टाकला तर उघडतं, नाव टाकलं तर नाही’ अशी तक्रार येते. कंपनीचे डोमेनला जोडलेले लॅपटॉप असतील आणि पासवर्ड बदलणं, ग्रुप पॉलिसी वगैरे घरूनही चालावं असं वाटत असेल, तर डोमेन कंट्रोलरपर्यंत ८८, १३५, ३८९, ४४५, ४६४ आणि ४९१५२ ते ६५५३५ ही रेंज लागते. वैयक्तिक लॅपटॉपसाठी यांपैकी काहीही देऊ नका.

पायरी २: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत गट

प्रत्येक व्हीपीएन गटासाठी डिरेक्टरीत, म्हणजे विंडोजच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीत, एक स्वतंत्र सिक्युरिटी ग्रुप करा आणि नावाची सुरुवात ‘व्हीपीएन’ने ठेवा. आधीपासून असलेला ‘अकाउंट्स’ ग्रुप वापरायचा मोह टाळा. त्या ग्रुपमध्ये प्रिंटरच्या हक्कासाठी घातलेला शिपाईही असतो आणि तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेला माणूसही. ‘डोमेन युजर्स’ तर मुळीच वापरू नका. तो प्रत्येकाचा प्राथमिक गट असतो आणि प्राथमिक गट ‘मेंबरऑफ’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये दिसतच नाही, त्यामुळे एलडॅपची (डिरेक्टरीला थेट विचारण्याच्या पद्धतीची) जुळणी निष्फळ ठरते.

एक माणूस एकाच व्हीपीएन गटात, हा नियम करा. मालकांच्या मुलाला अकाउंट्सही बघायचं आहे आणि डिझाइनही, म्हणून त्याला दोन्ही गटांत टाकलं की तो कोणत्या धोरणात पडेल ते नियमांच्या क्रमावर अवलंबून राहतं, आणि तो क्रम पुढे कोणीतरी बदलतं. अशांसाठी ‘व्यवस्थापन’ हा वेगळा गट करून दोन्हींचे पोर्ट त्यात द्या.

पायरी ३: प्रत्येक गटाला स्वतःचा पत्त्यांचा पूल

सगळ्यांना एकाच पूलमधून पत्ते दिले तर लॉगमध्ये कोण कोणत्या गटाचा ते पत्त्यावरून कळत नाही, आणि आतल्या दुसऱ्या फायरवॉलवर किंवा सर्व्हरवर नियमही लावता येत नाहीत. १०.९९.१.०/२५ हा तुकडा व्हीपीएनसाठी राखून त्याचे भाग करा:

अकाउंट्स आणि व्यवस्थापन १०.९९.१.१ ते ३०, डिझाइन ३३ ते ६२, विक्रेते ६५ ते ७८, आयटी ८१ ते ९४, सीए आणि इतर ९७ ते १२६.

सगळे भाग एकाच /२५ मध्ये आहेत, म्हणून कोअर स्विचवर एकच रूट लागतो: १०.९९.१.०/२५ साठी फायरवॉलचा आतला पत्ता. एएसएवर ग्रुप पॉलिसीत (गटाच्या धोरणात) दिलेला पूल कनेक्शन प्रोफाइलमधल्या (जोडणी जिथून सुरू होते त्या मांडणीतल्या) पूलपेक्षा वरचढ ठरतो, म्हणून पूल पॉलिसीतच द्या.

पूल किती मोठा ठेवायचा? रोज पाच जण जोडले जातात म्हणून आठ पत्ते पुरतील, असा हिशेब नाशिकमध्ये करू नका. २०१५ च्या सिंहस्थात २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर या पर्वण्यांना शहरातले रस्ते बंद होते. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी, नाशिकरोड, देवळालीकडून अंबडला येणारी माणसं पर्वणीच्या दिवशी घरूनच काम करणार. ज्या दिवशी जास्तीत जास्त लोक एकदम जोडले जातील त्या दिवसाचा आकडा धरा. उपकरणाच्या व्हीपीएन लायसन्सची मर्यादाही त्याच आकड्याशी ताडून बघा. तीसचा पूल आहे आणि लायसन्स पंचवीसचं, तर सव्विसाव्याला नकार मिळतो.

पायरी ४: गट नसलेल्यांसाठी बंद धोरण

सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची पायरी हीच, आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. एएसडीएममध्ये कॉन्फिगरेशन, मग रिमोट अ‍ॅक्सेस व्हीपीएन, मग नेटवर्क (क्लायंट) अ‍ॅक्सेस, मग ग्रुप पॉलिसीज इथे जा. ‘नो-अ‍ॅक्सेस’ नावाची एक इंटर्नल ग्रुप पॉलिसी करा, तिच्यात सायमल्टेनिअस लॉगिन्सचं (एका खात्याच्या एकाच वेळच्या जोडण्यांचं) इनहेरिट, म्हणजे वरून किंमत घेण्याची खूण, काढा आणि किंमत ० द्या. शून्याचा अर्थ: या धोरणात पडलेल्याला जोडणीच मिळणार नाही.

आता कनेक्शन प्रोफाइलमध्ये डीफॉल्ट ग्रुप पॉलिसी म्हणून हीच लावा. ज्याचा पासवर्ड बरोबर आहे पण जो कोणत्याही व्हीपीएन गटात नाही, तो इथे येऊन थांबतो. हे केलं नाही तर डिरेक्टरीतला प्रत्येक माणूस, अगदी स्टोअरच्या सामायिक खात्यासकट, व्हीपीएनवर येऊ शकतो.

हा शून्य ‘डीएफएलटी-जीआरपी-पॉलिसी’ या उपकरणासोबतच आलेल्या मूळ धोरणात टाकू नका. बाकीची सगळी धोरणं न भरलेल्या किमती तिच्याकडून घेतात, आणि सिन्नरच्या युनिटला जोडणारं साइट-टू-साइट टनेलही बहुधा तिच्यावरच चालत असतं.

वारशाचा क्रम पक्का लक्षात ठेवा. सगळ्यांत वर डायनॅमिक अ‍ॅक्सेस पॉलिसी, मग वापरकर्त्याची स्वतःची अ‍ॅट्रिब्यूट्स, मग सर्व्हरने ठरवून दिलेली ग्रुप पॉलिसी, मग कनेक्शन प्रोफाइलची ग्रुप पॉलिसी, आणि शेवटी मूळ धोरण. वरच्या पायरीवर जे सापडेल ते लागू. जुन्या उपकरणावर आधीच्या माणसाने केलेली एखादी डायनॅमिक पॉलिसी शिल्लक असेल, तर ती तुमच्या नव्या गटांच्या डोक्यावर बसते. सुरुवातीलाच तपासा.

पायरी ५: गटांची धोरणं

प्रत्येक गटासाठी एक ग्रुप पॉलिसी करा आणि पुढच्या गोष्टी इनहेरिटवर न सोडता स्वतः भरा.

सायमल्टेनिअस लॉगिन्स: मूळ किंमत ३ असते. कर्मचाऱ्यांना १ किंवा २ पुरे, विक्रेत्याला १. विक्रेत्याच्या ऑफिसात एकच खातं सहा जण वापरतात, ते या एका आकड्याने उघडं पडतं.

आयडल टाइमआउट मूळचा ३० मिनिटांचा असतो, तो चालतो. सेशन टाइमआउटला मात्र मुळात मर्यादाच नसते. कर्मचाऱ्यांना ६०० मिनिटं, विक्रेत्याला १२० मिनिटं द्या. याचं कारण साधं आहे: डिरेक्टरीत खातं बंद केलं तरी चालू असलेलं सत्र तुटत नाही, ओळख फक्त जोडताना तपासली जाते.

स्प्लिट टनेलिंग: पॉलिसी ‘खालील नेटवर्क टनेलमधून’ अशी ठेवा आणि यादी स्टँडर्ड एसीएलने (नियमांच्या यादीने) द्या. आयटी गटासाठी सगळंच टनेलमधून घेणं चांगलं, पण मग त्या लोकांचं इंटरनेटही कारखान्याच्या लाइनवरून जाईल. त्यासाठी एकाच इंटरफेसवरून आत येऊन बाहेर जाण्याची परवानगी आणि त्या पूलसाठी बाहेरचा नॅट (पत्ता बदलून देणारा नियम), दोन्ही लागतात.

डीएनएस सर्व्हर आणि डीफॉल्ट डोमेन भरा. विक्रेत्यांसाठी अ‍ॅक्सेस अवर्समध्ये कामाच्या वेळेची टाइम-रेंज लावा, म्हणजे रात्री दोन वाजता त्या खात्यावरून जोडणीच सुरू होणार नाही.

पायरी ६: फिल्टर

प्रत्येक गटासाठी एक एक्स्टेंडेड एसीएल करून ती ग्रुप पॉलिसीच्या आयपीव्ही४ फिल्टरमध्ये लावा. ओळ लिहिताना उगम म्हणजे नेहमी व्हीपीएनचा पूल आणि पोचण्याची जागा म्हणजे आतला सर्व्हर, मग वाहतूक कोणीही सुरू केलेली असो. अकाउंट्ससाठी दोनच गोष्टी: पूलपासून डीएनएस सर्व्हरच्या ५३ ला परवानगी (टीसीपी आणि यूडीपी अशा दोन ओळी), आणि पूलपासून टर्मिनल सर्व्हरच्या टीसीपी ३३८९ ला परवानगी. यादीच्या शेवटी न लिहिलेला नकार असतोच, तरीही तो स्वतः लिहा आणि त्यावर लॉग लावा. कोण कुठे धडकतंय ते पहिल्या आठवड्यात त्यातूनच दिसतं.

हा फिल्टर दोन्ही दिशांना लागतो, ही त्यातली अवघड बाब. वरची ३३८९ ची ओळ असेल, तर त्या सर्व्हरनेही उगम पोर्ट ३३८९ घेऊन लॅपटॉपकडे नवी जोडणी सुरू केली तरी फिल्टर ती अडवत नाही. पोर्टच्या ऐवजी नुसतं ‘आयपी’ लिहिलं तर आतलं मशीन घरच्या लॅपटॉपपर्यंत सरसकट पोचतं. म्हणून ‘आयपी’ची ओळ फक्त आयटी गटाला.

फिल्टर लावायचाच, याचं आणखी एक कारण आहे. एएसएवर ‘सिसॉप्ट कनेक्शन परमिट-व्हीपीएन’ हे मुळात चालू असतं, आणि त्यामुळे टनेलमधून आलेली वाहतूक बाहेरच्या इंटरफेसची एसीएल ओलांडून थेट आत जाते. त्या एसीएलमध्ये कितीही नियम लिहिले तरी व्हीपीएनवाल्यांना त्यांचा अडसर होत नाही.

फिल्टर बदलला की चाचणीचं सत्र तोडून पुन्हा जोडा. जुन्या सत्रावर नवा नियम तपासत बसलं तर अर्धा तास वाया जातो.

पायरी ७: माणूस आपोआप त्याच्या गटात

लॉगिन स्क्रीनवर गटांची उघडणारी यादी देऊ नका. त्यात ‘आयटी’ असं दिसलं की कोणीतरी ते निवडून बघतंच. यादी ठेवावीच लागली तर प्रत्येक पॉलिसीत ग्रुप लॉक लावा. त्यापेक्षा एकच कनेक्शन प्रोफाइल ठेवून गट सर्व्हरकडून ठरवून घेणं केव्हाही चांगलं.

विंडोज सर्व्हरवरचं एनपीएस (रेडियस पद्धतीने ओळख तपासणारी सेवा) त्यासाठी पुरतं. आधी ते डिरेक्टरीत रजिस्टर करा, मग एएसएचा आतला पत्ता रेडियस क्लायंट म्हणून घाला आणि दोन्हीकडे एकच शेअर्ड सीक्रेट द्या. पोर्ट १८१२ आणि १८१३. जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये १६४५ आणि १६४६ असतात, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते पाहा. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस हा दोष जाहीर झाल्यापासून मेसेज-ऑथेंटिकेटर (संदेश वाटेत बदललेला नाही याची खूण) सक्तीचा करणं गरजेचं आहे. दोन्ही टोकं अद्ययावत करून तो पर्याय चालू करा.

आता प्रत्येक गटासाठी एक नेटवर्क पॉलिसी. अटीत विंडोज ग्रुप द्या, आणि सेटिंग्जमध्ये स्टँडर्ड अ‍ॅट्रिब्यूट ‘क्लास’, म्हणजे क्रमांक २५. त्याची किंमत: मोठ्या अक्षरांत ‘ओयू’, बरोबरचं चिन्ह, एएसएवरच्या ग्रुप पॉलिसीचं नाव, आणि शेवटी अर्धविराम. नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, लहानमोठ्या अक्षरांसकट, आणि अर्धविराम विसरायचा नाही. एनपीएस वरून खाली वाचतं आणि पहिली जुळलेली पॉलिसी लावतं, म्हणून आयटी आणि व्यवस्थापन वर, सर्वसाधारण गट खाली.

जोडणी लगेच नाकारली जात असेल तर एनपीएसच्या पॉलिसीत पीएपी (पासवर्ड तपासण्याची साधी पद्धत) निवडलेलं आहे का ते पाहा. एएसए साध्या मांडणीत तेच वापरतं. पासवर्ड मॅनेजमेंट चालू केलं तर एमएस-चॅप व्ही२ लागतं. मोबाइलवर मंजुरीची सूचना येणारा ओळखीचा दुसरा घटक असेल तर एएसएवरचा रेडियस सर्व्हरचा टाइमआउट मूळच्या १० सेकंदांवरून ६० वर न्या. नाहीतर माणूस फोन खिशातून काढेपर्यंत उपकरण हार मानतं.

रेडियसऐवजी थेट एलडॅप वापरणार असाल तर अ‍ॅट्रिब्यूट मॅपमध्ये ‘मेंबरऑफ’ची जुळणी ग्रुप-पॉलिसीशी करायची असते. तिथे गटाचा पूर्ण डीएन (डिरेक्टरीतला पूर्ण ठिकाणा) लागतो, आणि गट दुसऱ्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या विभागात) हलवला की तो डीएन बदलून जुळणी तुटते. गटात गट घातलेला असेल तर तोही दिसत नाही. आणि ३८९ न वापरता प्रमाणपत्रासह ६३६ वापरा.

पायरी ८: नॅट आणि परतीचा रस्ता

आतल्या नेटवर्ककडून १०.९९.१.०/२५ कडे जाणारी वाहतूक नॅटमधून वगळा, म्हणजे आयडेंटिटी नॅटचा नियम सर्वसाधारण इंटरनेटच्या नॅटच्या वर ठेवा. हे विसरलं तर येणारी आणि परतीची वाहतूक वेगवेगळ्या नॅट नियमांना जुळते आणि उपकरण ती टाकून देतं. सर्व्हरचा गेटवे ही फायरवॉल नसून कोअर स्विच असेल तर पायरी ३ मधला रूट त्यावर आहे ना ते बघा.

पायरी ९: चाचणी

प्रत्येक गटाचं एक चाचणी खातं करा आणि दोन याद्या घ्या: काय उघडलं पाहिजे, आणि काय उघडता कामा नये. दुसरी यादी बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि गट पाडले ते तिच्यासाठीच. पॉवरशेलमधलं ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा. अकाउंट्सच्या खात्यावरून टर्मिनल सर्व्हरचा ३३८९ खरा (ट्रू) आला पाहिजे, फाइल सर्व्हरचा ४४५ खोटा (फॉल्स) आला पाहिजे, आणि पीएलसीचा १०२ सुद्धा खोटाच.

कारखान्याच्या वायफायवरून चाचणी करू नका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करा. त्यानंतर एखाद्याच्या घरच्या ब्रॉडबँडवरून एकदा, कारण घरी वेगळेच प्रश्न निघतात.

अडलं तर कुठे बघायचं

तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने.

गट: एएसएवर ‘शो व्हीपीएन-सेशनडीबी अ‍ॅनीकनेक्ट’ चालवा. त्यात प्रत्येक सत्राची ग्रुप पॉलिसी आणि पत्ता दिसतो. (२०२२ पासून क्लायंटचं नाव सिक्युअर क्लायंट झालं आहे, आज्ञा जुन्याच नावाने ओळखली जाते.) माणूस जोडलाच जात नसेल तर एनपीएसच्या इव्हेंट लॉगमध्ये ६२७३ म्हणजे नकार, ६२७२ म्हणजे मंजुरी. ६२७२ आहे आणि तरी जोडणी नाही, म्हणजे तो ‘नो-अ‍ॅक्सेस’मध्ये पडला आहे, आणि चूक बहुधा क्लासच्या किमतीत आहे.

पत्ता: तो गटाच्या पूलमधला आहे का? नसेल तर पॉलिसीत पूल भरायचा राहिला आहे.

रस्ता: लॅपटॉपवर ‘रूट प्रिंट’. आतल्या नेटवर्कचा रस्ता व्हीपीएनच्या अ‍ॅडॉप्टरवर हवा. इथे नाशिकमधल्या बऱ्याच कारखान्यांचं जुनं दुखणं निघतं: आतलं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, आणि इंदिरानगरमधल्या कर्मचाऱ्याच्या घरच्या राउटरचंही तेच. लॅपटॉपला सर्व्हर घरातच आहे असं वाटतं. (जिओफायबरच्या राउटरवर मूळ नेटवर्क १९२.१६८.२९.०/२४ असतं, म्हणून तिथे ही टक्कर होत नाही आणि ‘माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही’ असा गोंधळ उडतो.) खरा इलाज म्हणजे कारखान्याचं नेटवर्क बदलणं. तोवर स्प्लिट टनेलच्या यादीत पूर्ण नेटवर्कऐवजी सर्व्हरचे एकेक पत्ते /३२ म्हणून द्या. जास्त नेमका रस्ता जिंकतो, त्यामुळे बहुतेक वेळा काम होतं. घरातल्या प्रिंटरचा पत्ता नेमका तोच असेल तर मात्र नाही.

परवानगी: फिल्टरच्या एसीएलवर हिट वाढतात का बघा. नकाराच्या ओळीवर वाढत असतील तर पोर्ट राहिला आहे. कुठेच वाढत नसतील तर वाहतूक उपकरणापर्यंत आलेलीच नाही, पुन्हा रस्त्याकडे जा. परवानगीच्या ओळीवर वाढतात पण उत्तर नाही, तर पायरी ८.

या चारांत न बसणारा एक दोष आहे. लॉगिन होतं, पिंग जातो, पण रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळा राहतो किंवा मोठी फाइल मध्येच अडकते. हा पॅकेटच्या आकाराचा प्रश्न. ग्रुप पॉलिसीत एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) मूळचा १४०६ असतो, तो १३०० करून बघा. सगळं चालतं पण रखडत, असं असेल तर यूडीपी ४४३ वाटेत कुठेतरी बंद असून सगळी वाहतूक टीसीपीवर आलेली असते.

फोर्टिगेटवर काय वेगळं

इथे एसएसएल व्हीपीएनमध्ये माणसाला अनेक ठिकाणी बांधावं लागतं: युजर ग्रुप, पोर्टल, कोणत्या गटाला कोणतं पोर्टल ते सांगणारा ऑथेंटिकेशन नियम, आणि फायरवॉल पॉलिसी. रेडियसकडून गट घ्यायचा असेल तर व्हेंडर क्रमांक १२३५६ मधलं पहिलं अ‍ॅट्रिब्यूट, फोर्टिनेट-ग्रुप-नेम, पाठवायचं. एएसएचा ‘ओयू’वाला नमुना इथे चालत नाही. ‘बाकी सगळे’ या ओळीला पोर्टल द्यावंच लागतं. त्यासाठी टनेल बंद असलेलं रिकामं पोर्टल करा, तेच इथलं ‘नो-अ‍ॅक्सेस’.

स्प्लिट टनेल पॉलिसीच्या डेस्टिनेशनवरून ठरवला तर इथे रस्ता आणि परवानगी एकाच पॉलिसीतून निघतात. सोयीचं आहे, पण एखाद्याने घाईत डेस्टिनेशनला ‘ऑल’ आणि सर्व्हिसला ‘ऑल’ लावलं की दोन्ही एकदम उघडतात. प्रत्येक गटाची पॉलिसी वेगळी, सोर्समध्ये त्या गटाचा पूल आणि गट दोन्ही, सर्व्हिसमध्ये नेमके पोर्ट.

जुनं उपकरण असेल तर दोन गोष्टी तपासा. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका दोषात वापरकर्त्याचं नाव लहानमोठी अक्षरं बदलून टाकलं की दुसरा घटक न विचारताच प्रवेश मिळत होता. ६.०.१०, ६.२.४ आणि ६.४.१ पासून दुरुस्ती आहे. दुसरं म्हणजे, फोर्टिओएस ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोड काढून टाकला आहे. अपग्रेडचं बटण दाबण्याआधी आयपीसेकवर, आयकेई व्ही२ सह, सगळे गट उभे करून चाचणी घ्या. यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात. दूरस्थ ऑथेंटिकेशनचा टाइमआउट इथे फक्त ५ सेकंदांचा असतो, मोबाइलच्या मंजुरीसाठी तोही वाढवा.

बदल करायचा दिवस आणि नंतरची देखभाल

चालू कारखान्यात सगळे गट एकाच दिवशी फिरवू नका. नवं कनेक्शन प्रोफाइल वेगळ्या ग्रुप यूआरएलवर उभं करा, आधी आयटी, मग डिझाइनचे दोघं-तिघं, मग अकाउंट्स. महिनाअखेर आणि जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख टाळा. सगळे हलले की जुन्या प्रोफाइलला ‘नो-अ‍ॅक्सेस’ लावा आणि आठवड्याने ते पुसा. बदलाआधी कॉन्फिगरेशनची प्रत उपकरणाबाहेर काढून ठेवा, आणि बदलानंतरची सेव्ह करायला विसरू नका. न सेव्ह केलेलं सगळं पहिल्याच वीजखंडात जातं.

लॉग बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळतं ठेवावं लागतं. एएसएवर किमान तीन संदेश सापडतील असे ठेवा: ७२२०५१ मध्ये कोणत्या माणसाला कोणता पत्ता मिळाला ते असतं, ११३०१९ मध्ये सत्र किती वेळ चाललं आणि का तुटलं, ११३००५ मध्ये नाकारलेलं लॉगिन.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा क्रम असा: डिरेक्टरीत खातं बंद, व्हीपीएन गटातून बाहेर, आणि लगेच ‘व्हीपीएन-सेशनडीबी लॉगऑफ’ त्याच्या नावाने. विक्रेत्यांच्या आणि सीएच्या खात्यांना डिरेक्टरीतच मुदतीची तारीख घाला, कामापुरती, फार तर तीन महिन्यांची. दर तिमाहीला व्हीपीएन गटांची नावनिशीवार यादी छापून त्या त्या विभागप्रमुखाकडे सहीसाठी द्या. कोण सोडून गेलं, कोणत्या विक्रेत्याचं काम संपलं, हे विभागप्रमुखालाच ठाऊक असतं. सहीशिवाय राहिलेली नावं त्याच दिवशी गटातून काढा.